खड्ड्यांची साक्ष

रात्री साडेनऊला आत-बाशीच्या पलीकडून गाडी आली.
बाप दारातच बोलायला लागला,
मुलाबद्दल नाही, रस्त्याबद्दल:
पुलाजवळ ओरडला, डॉक्टर,
दगडखाणीच्या वळणावर दोनदा,
मग डांबर लागलं तसा गप्प झाला,
मग पुन्हा तुमच्या फाटकातला उंचवटा.

कागदावर मी पहिली नोंद तीच केली.
माझ्या आधी
सत्तर किलोमीटर रस्त्याने त्याला तपासलं होतं.

नाव तुर्सुन. म्हणजे, राहो.
त्याच्या आधीची दोन राहिली नव्हती.
वय सहा.
पोटातलं ओठावर आणायला सहा वर्षं पुरत नाहीत.
कुठे दुखतं, तर सगळीकडे.
कधीपासून, तर काल,
आणि काल म्हणजे मागचा कुठलाही दिवस.
एका बोटाने दाखव म्हटल्यावर
बोट बेंबीवर गेलं, थोडं थांबलं,
मग उजवीकडे खाली घसरलं
उतारावरच्या मेंढरासारखं.

आई म्हणाली, गरम मिठाची पुरचुंडी ठेवली,
मेंढीच्या शेपटाची चरबी पाजली.
मी रागावले नाही.
रागावले तर पुढच्या वेळी सांगणार नाही ती,
किंवा येणारच नाही.
तिने खिशातून कुरुत काढलं,
सुकवलेल्या दह्याची खारट गोळी,
एरवी म्हणे चोरून खातो.
त्याने तोंड फिरवलं.

चहाच्या पेल्यावर हात शेकून घेतले.
डावीकडे दाबलं, कळ उजवीकडे उठली.
रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या,
पण तेवढ्या साध्या तापातही वाढतात.
सोनोग्राफीत नुसता वायू,
वाफ धरलेल्या काचेतून अंगण बघावं तसं.
बिश्केककडचा घाट बर्फाने बंद.

आमचे प्राध्यापक सांगायचे,
निदान होईपर्यंत वेदना मारायची नाही,
तीच आपली वाटाडी.
वीस वर्षं ऐकलं. आता ऐकत नाही.
सलाईन लावलं, दुखण्याचं औषध दिलं.
जे पोट खरंच बिघडलंय
ते औषधानंतरही हाताशी खोटं बोलत नाही.

आणि मग थांबले.
थांबणं हेही काम आहे, हे बापाला कसं सांगू?
तो म्हणतो, कापा. ती म्हणते, नको.
मी एकदा कापलं होतं:
आत गुलाबी, निरोगी, करंगळीएवढं निरपराध.
आणि एकदा नव्हतं कापलं.
जुमागुल, नऊ वर्षांची. जठराचं म्हणून घरी पाठवली.
तिसऱ्या दिवशी तिची आई हसत दारात,
डॉक्टर, दुखायचं थांबलं!
फुटल्यावर थांबतंच, काही तास.
ते हसू अजून माझ्याकडे आहे.

अकरा. एक. तीन.
दर वेळी हात माझाच.
साइराकान म्हणाली, मी बघते, तुम्ही जरा पडा.
नको.
हात बदलला की पोट बदललं का
ते कळत नाही.

तीन वाजता त्याला खाली उतरवलं.
करडासारखी एक उडी मार बघू.
पलंगावरून, कुंपणावरून, उभ्या घोड्यावरून
उडी मारणारं पोर.
त्याने फरशीकडे पाहिलं,
नदीच्या पाण्याचा ठाव घ्यावा तसं.
मग माझ्याकडे.
पाय उचलला नाही.

साडेतीनला भूल.
सुजलेलं, लालभडक, पण अखंड.
बापाला ट्रेमध्ये दाखवलं.
म्हणाला, एवढंसं?

पाचव्या दिवशी निघाले.
फाटकातल्या उंचवट्यापाशी त्याने गाडी इतकी हळू केली
की मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला.
मी खिडकीतून काचेमागचा तेवढा चेहरा बघत होते.
पुढची चाकं चढली, उतरली.
मग मागची.
तो कुरुत चोखत होता.